शेवटचे दोन लिटर : झाशीचे ऊन, जड पाणी आणि गाडीवरचा पांढरा डाग

पाणी वाचवण्याच्या सल्ल्यांमध्ये गेली काही वर्षे एक सल्ला हमखास असतो : आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मोरीत सोडू नका, त्याने गाडी धुवा. हेतू चांगला आहे. पण झाशीसारख्या शहरात मे महिन्यात हा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर अर्ध्या तासात गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर पांढऱ्या कड्यांची नक्षी उमटते. मग गाडीचा मालक पुन्हा पाणी ओततो, जोर लावून घासतो, ते जमले नाही की डाग घालवणारी बाटली विकत आणतो आणि आणखी एकदा घासतो. वाचवलेले पाणी दुपटीने खर्च होते आणि रंगावर ओरखडे पडतात ते वेगळेच.

धुतलेली गाडी डाग न पडता कशी वाळवावी, हा प्रश्न बाजारात फडक्याचा आणि फवाऱ्याचा प्रश्न म्हणून विकला जातो. वस्तुतः तो पाण्याचा प्रश्न आहे, आणि तोही सगळ्या पाण्याचा नव्हे, शेवटच्या दोन लिटरांचा. ज्या बुंदेलखंडात पाणी हा रोजच्या चिंतेचा विषय आहे, तेथे तो नीट समजून घेणे ही चैन ठरत नाही.

आधी थेंबाकडे पाहू. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असलेले पाणी घेतले, तर भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ते पिण्यास योग्य ठरते, कारण त्या मानकाने इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट दिली आहे. अशा पाण्याचा २० मायक्रोलिटरचा एक थेंब बॉनेटवर सहा मिलिमीटर व्यासाचा पसरून बसला आहे असे समजू. त्यात केवळ ८ मायक्रोग्रॅम क्षार असतात. ते थेंबाच्या तळावर सारखे पसरले असते, तर त्यांचा थर मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाइतका झाला असता आणि सहजी नजरेत भरलाही नसता. प्रत्यक्षात मात्र डाग दिसतो, आणि तो ठिपक्यासारखा न दिसता कड्यासारखा दिसतो.

याचे उत्तर १९९७ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दिले. त्यांच्यापुढे कॉफीच्या सांडलेल्या थेंबाचा प्रश्न होता : त्याचा डाग कडेलाच गडद का असतो? थेंबाची कड पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला अडकून बसते आणि आत सरकू शकत नाही. कडेजवळ पाण्याचा थर पातळ असतो आणि तेथून वाफ सर्वांत वेगाने निघते. तेथे झालेली तूट भरून काढण्यासाठी थेंबाच्या मध्यातून कडेकडे सतत प्रवाह वाहतो आणि जाताना आपल्यासोबत सगळा ऐवज कडेला नेऊन टाकतो. कॉफीत हा ऐवज म्हणजे तरंगणारे कण असतात. जड पाण्यात तो विरघळलेला असतो, पण कडेपाशी पाणी आटत जाते तसा तेथेच स्फटिकरूपाने बाहेर पडतो. वरच्या उदाहरणातील ८ मायक्रोग्रॅम क्षार मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या रुंद कड्यात गोळा झाले, तर त्या कड्याची जाडी दीड मायक्रोमीटरच्या पुढे जाते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असते. म्हणजे अदृश्य राहू शकला असता असा थर निव्वळ एकवटल्यामुळे प्रकाश विखुरू लागतो आणि गडद रंगाच्या गाडीवर खडूची रेघ ओढावी तसा उठून दिसतो.

शालेय पुस्तकांत याच पाण्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापले किंवा आटले की कार्बन डायऑक्साइड सोडून देते आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलटे आहे, तापलेल्या पाण्यात ते कमी विरघळते. झाशीतील घराघरांत याचा पुरावा खिडकीला टांगलेला असतो. एप्रिल ते जून चालणाऱ्या कूलरच्या गवतावर हंगामाच्या शेवटी जो पांढरा, कडक थर चढतो, तो आणि बॉनेटवरचा डाग ही सख्खी भावंडे आहेत. कूलरमध्ये दिवसाला कित्येक लिटर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. गाडीवर तेच थेंबाथेंबाने घडते.

कोरड्या उन्हाळ्याची हवाही येथे मोजावी लागते. बाष्पीभवनाचा वेग, ढोबळमानाने, पृष्ठभागापाशी असलेला संपृक्त बाष्पदाब आणि हवेतील प्रत्यक्ष बाष्पदाब यांच्यातील फरकावर ठरतो. ऑगस्टमध्ये २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हा फरक अर्ध्या किलोपास्कलपेक्षा किंचित जास्त भरतो. मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तो सात किलोपास्कलच्या वर जातो, म्हणजे सुमारे तेरापट. ही सावलीतली गोष्ट. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६५ अंशांवर पोहोचला असेल आणि त्याने थेंबालाही तेवढेच तापवले, तर हा फरक चाळीसपटींवर जातो. वाफ होताना थेंब स्वतः थंड होतो, वारा कमीजास्त असतो, हे सारे या हिशेबातून वगळले आहे. तरीही कल यायचा तो येतोच. पावसाळ्यात फडके फिरवायला पुरेसा वेळ मिळतो. मे महिन्यात एक बाजू पुसून होईपर्यंत दुसरी वाळून गेलेली असते. म्हणूनच पहाटे किंवा सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना आणि एका वेळी गाडीचा एकेक भाग घेऊन धुवावे, या जुन्या सांगण्यामागे भौतिकशास्त्र भक्कम उभे आहे.

याच सुरात एक गैरसमजही फिरत असतो : उन्हात थेंब भिंगासारखे काम करतात आणि रंग जाळतात. बुडापेस्टच्या ओत्वोश विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली पानांवरच्या थेंबांबाबत हीच समजूत तपासून पाहिली. सपाट, गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाचा प्रकाश एकवटतो तो पृष्ठभागाच्या बराच खाली, त्यामुळे पान भाजत नाही. थेंबाला पृष्ठभागापासून उचलून धरणारी लव असेल तरच धोका संभवतो. गाडीच्या रंगाला लव नसते. डाग पडतो तो क्षारांमुळे.

आता आरओकडे परत येऊ. घरगुती यंत्रात आत जाणाऱ्या चार लिटरांपैकी साधारण एक लिटर शुद्ध होऊन येतो आणि तीन लिटर बाहेर टाकले जाते, असे धरू. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर जवळजवळ सगळे त्या तीन लिटरांत जाऊन बसतात आणि तेथील प्रमाण ८०० होते. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आरओ यंत्रांतून किमान ६० टक्के पाणी परत मिळाले पाहिजे असे म्हटले, आणि ज्या पाण्यात क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे ही यंत्रे वापरूच नयेत असेही सांगितले. पाण्याच्या बचतीच्या दृष्टीने हे रास्त आहे. पण त्याच ६०० च्या पाण्यातून ६० टक्के शुद्ध पाणी काढून घेतले, तर उरलेल्या ४० टक्क्यांत क्षारांचे प्रमाण १५०० वर जाते. यंत्र जितके काटकसरी, तितके त्याचे टाकाऊ पाणी खारट. ‘टाकाऊ पाण्याने गाडी धुवा’ हे वाक्य उच्चारणाऱ्या किती जणांच्या ध्यानात ही गोष्ट येत असेल, याविषयी शंकाच आहे.

तरीही हा सल्ला टाकून देण्याजोगा नाही. त्याला अर्धे वाक्य जोडायला हवे. चिखल मऊ करणे, चाके धुणे, साबण लावणे, साबण काढणे, या सगळ्यासाठी ते १५०० चे पाणीही चालते. गाडीवर कोणते पाणी वाळते, याला महत्त्व आहे. कोणते पाणी वाहून गेले, याला नाही. म्हणून शेवटी दोन लिटर मऊ पाणी वरून हळूहळू सोडावे, की ते आधीच्या जड पाण्याला ढकलून नेते आणि मागे राहिलेल्या थेंबांत क्षार नाममात्र उरतात. हे मऊ पाणी आरओचे शुद्ध पाणी असू शकते, वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे असू शकते किंवा पावसाचे साठवलेले. वातानुकूलन यंत्राचे पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेले पाणी, जवळजवळ ऊर्ध्वपातित. मात्र झाशीच्या कोरड्या मे महिन्यात ते थोडे मिळते आणि पावसाळ्यात भरपूर. गरज नेमकी उलट्या क्रमाने असते. डबा भरून ठेवणे हाच त्यावर उपाय.

पाणी सोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. पाइपच्या तोंडाला बोट लावून फवारा उडवला, की हजारो सुटे थेंब पडतात. तोंड मोकळे ठेवून पाणी टपाच्या कडेपासून संथ सोडले, तर ते एकसंध पडद्यासारखे घसरते आणि पाण्याच्या रेणूंमधील परस्पर ओढीमुळे मागच्या पाण्याचा बराच भाग सोबत खेचून नेते. वाफ होऊ देण्याऐवजी पाणी पाणी म्हणूनच घालवायचे, हे यातले सार आहे. सिलिकॉनच्या चकत्या धुणाऱ्या कारखान्यांना हीच समस्या फार मोठ्या पैशांच्या जोखमीसह भेडसावते. तेथे वापरले जाणारे पाणी अतिशुद्ध असते, तरीही वाळलेल्या थेंबाचा डाग म्हणजे बाद झालेली चकती. नेदरलँड्समधील फिलिप्सच्या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीत चकती पाण्यातून हळूहळू वर काढताना तिच्या कडेशी अल्कोहोलची वाफ सोडतात. पाण्याच्या पातळ कडेपाशी पृष्ठताण कमी होतो, आणि जास्त पृष्ठताण असलेले खालचे पाणी ती कड आपल्याकडे ओढून घेते. चकती कोरडीच बाहेर येते. गुजरातेत धोलेरा येथे उभ्या राहणाऱ्या चिप कारखान्याच्या बातम्या उत्साहाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याने, थेंब वाळू न देण्याची ही विद्या त्या उद्योगाचा रोजचा भाग आहे, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मेणाच्या आणि सिरॅमिक लेपांच्या जाहिरातींकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. जाहिरातीत थेंब मोत्यांसारखे टपटपून पडतात, अगदी अळवावरच्या पाण्यासारखे. बॉन विद्यापीठातील बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचे हे रहस्य उलगडले तेही १९९७ सालीच : पानावर मेणही असते आणि सूक्ष्म उंचवटेही, म्हणून थेंब टेकतो तो फार थोड्या जागी आणि सहज घरंगळतो. गाडीच्या गुळगुळीत लेपावर थेंब गोलसर होतो, पण सपाट बॉनेटवर तो घरंगळत नाही, जागच्या जागी बसून राहतो. उभ्या दारांवर लेपाचा फायदा होतो. आडव्या भागांवर पातळ पडद्याऐवजी उंच, सुटे, क्षारांनी भरलेले थेंब मिळतात. लेप लावून शेवटी जड पाणीच वापरणाऱ्याने डाग कमी होतील अशी अपेक्षा धरू नये.

दुसरा प्रश्न ओरखड्यांचा. उन्हात किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली गडद गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, आणि सर्वसाधारण समजूत अशी की गोल गोल पुसल्यामुळे ओरखडे गोल पडले. बहुतेक वेळा ते गोल नसतातच. पृष्ठभागावर सर्व दिशांना सूक्ष्म ओरखडे असतात. त्यांपैकी जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या काल्पनिक वर्तुळाला स्पर्शरेषेसारखे असतात, तेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे अंधारात राहतात. दिवा हलला की वर्तुळेही हलतात. जुन्या स्टीलच्या ताटावर हाच खेळ दिसतो. तेव्हा सरळ रेषेत पुसावे या सल्ल्याने ओरखडे कमी होत नाहीत. ते एकाच दिशेला पडल्यामुळे मोजक्याच कोनांतून दिसतात, इतकेच.

ओरखडे पाडते कोण? झाशी ज्या खडकावर वसली आहे तो बुंदेलखंडी ग्रॅनाइट आहे, किल्लाही त्याच खडकाच्या टेकडीवर उभा आहे, आणि या प्रदेशातून गारगोटीच्या लांबलचक भिंतींसारख्या रांगा गेल्या आहेत. गारगोटीचा कठीणपणा मोह्स मापनात ७, काचेचा साडेपाचच्या आसपास, आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर तर बहुवारिकाचा, काचेहूनही मऊ. त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. इथल्या धुळीत गारगोटीचे कण असणारच. अशा धुळीवरून सकाळी कोरडे फडके फिरवणे म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणेच होय. अनेक शहरांत पहाटे एक बादली आणि एकच फडके घेऊन दहा-बारा गाड्या पुसणारे लोक दिसतात. दोष त्यांच्या हातांना देणे सोपे आहे. पण महिन्याच्या ठरलेल्या थोड्या पैशांत रोज गाडी चकचकीत दिसलीच पाहिजे, ही अपेक्षा मालकाची असते. रोजचे कोरडे पुसणे थांबवून आठवड्यातून एकदा नीट धुणे गाडीच्या रंगाला अधिक मानवते, आणि दहा दिवसांनी एकदा धुतले तर त्याहूनही बरे.

धुऊन झाल्यावर राहिलेले पाणी पुसू नये, टिपावे. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यामागचे भौतिकशास्त्रही वेगळे आहे. पुसण्यात फडके आणि रंग यांच्यात घर्षण होते, मध्ये एखादा कण सापडला की रेघ ओढली जाते. टिपण्यात केशाकर्षण काम करते, जसे शाईच्या टिपकागदात करत असे. मायक्रोफायबर कापडाचे धागे इतके बारीक असतात की त्यांच्यामधील फटींची त्रिज्या पाच मायक्रोमीटर धरली, तर पाणी आत ओढणारा दाब सुमारे २९ किलोपास्कल येतो. जवळजवळ तीन मीटर उंच जलस्तंभाचा. एवढी ओढ असताना दाब देण्याची गरजच उरत नाही. कापड पसरून ठेवावे, वरून हलका हात ठेवावा, उचलावे. ते जमिनीवर पडले तर त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे, कारण फटी कणही तितक्याच तत्परतेने धरून ठेवतात. खांद्यावरचा सुती गमछा पाणी शोषतो, पण सकाळपासून शोषलेली धूळही त्याच्यात असते.

पडलेला डाग ताजा असेल तर पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतो, कारण सौम्य आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. नंतर मऊ पाण्याने ते धुऊन काढावे. मात्र ग्रॅनाइटी प्रदेशाच्या भूजलात थोडी विरघळलेली सिलिकाही असते. ती वाळून बसली की व्हिनेगरला दाद देत नाही.

एवढे सगळे एका गाडीसाठी? हा आक्षेप योग्य आहे, आणि झाशीत तर अधिकच. मे २०१६ मध्ये दुष्काळी बुंदेलखंडासाठी केंद्राने पाठवलेली पाण्याची आगगाडी झाशी स्थानकात उभी होती. राज्य सरकारने ती नको असल्याचे सांगितले, आणि डबे रिकामेच आहेत हेही उघड झाले. त्याच्या महिनाभर आधी मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली गाडी मराठी वाचक विसरलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड ठेवला. केन–बेटवा जोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली. ते पाणी येईल तेव्हा येईल. अशा ठिकाणी मिनिटाला १५ लिटर सोडणारा पाइप दहा मिनिटे उघडा ठेवून १५० लिटर पाणी एका गाडीवर ओतणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. मात्र बंदी घालताना कोणते पाणी आणि किती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. दोन बादल्या टाकाऊ पाणी आणि शेवटी दोन लिटर मऊ पाणी, एवढ्यात गाडी स्वच्छ होते. डाग न पडल्यामुळे पुन्हा धुवावी लागत नाही, हा त्यातला खरा लाभ.

आणि हा प्रश्न गाडीपाशी थांबत नाही. झाशी, ललितपूर, जालौन, चित्रकूट या जिल्ह्यांत सौर उद्याने आखली गेली आहेत. आयआयटी गांधीनगरचे चिन्मय घोरोई आणि ड्यूक विद्यापीठाचे माइक बर्गिन यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की काही आठवडे साचलेली धूळ पुसताच तेथील सौर पटलांची वीजनिर्मिती जवळपास निम्म्याने वाढते. धूळ काढायला हवी यात वाद नाही. पण पटल भर उन्हात तापलेले असते, पाणी बोअरवेलचे असते, आणि थेंब तसाच वाळतो. त्याने मागे ठेवलेले कडे धुळीसारखे वाऱ्याने उडत नाही. थर चढत जातो आणि मग कठीण ब्रश येतो, त्यासोबत काचेवरचे ओरखडे. जगभरात सौर पटले धुण्यासाठी वर्षाला सुमारे १० अब्ज गॅलन, म्हणजे पावणेचार हजार कोटी लिटरांहून अधिक पाणी लागते, असा अंदाज एमआयटीच्या कृपा वाराणसी यांच्या गटाने धूळ विद्युतभाराने झटकण्याची बिनपाण्याची पद्धत २०२२ मध्ये मांडताना दिला होता. बुंदेलखंडातील सौर प्रकल्पांच्या निविदांमध्ये धुण्याच्या पाण्याचे प्रमाण आणि क्षार या दोहोंचा उल्लेख असायला हवा, ही मागणी अवाजवी नाही.

विद्यार्थ्यांना हे घरी पाहता येईल. काचेच्या जुन्या तुकड्यावर नळाच्या, आरओच्या टाकाऊ आणि वातानुकूलन यंत्राच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. असाच दुसरा तुकडा सावलीत ठेवावा. वाळल्यावर मागे काळा कागद धरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून छायाचित्र घ्यावे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने तिन्ही पाण्यांची मापे घेतली, तर कड्याची जाडी आणि आकडा यांचा मेळ बसतो का, तेही पाहता येते. पावसाचे पाणी चौथा थेंब म्हणून घ्यायचे असेल, तर पहिल्या सरीचे घेऊ नये. त्यात झाशीच्या हवेतली सगळी धूळ उतरलेली असते. तासभर पाऊस पडून गेल्यावर उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ पातेल्यातले घ्यावे.